पिंपातली चवळी आणि मामंजींची कवळी

मी एकदा नवस केला होता. एकदा कसला, नवस मी पुष्कळ केलेत. पण या नवसापायी आमचं अख्खं घर अडीच महिने पेज पीत होतं, म्हणून हा जरा जास्त लक्षात राहिलाय. (घरातल्यांच्या तर फारच.)

आधीच कबूल करून टाकते, मला नवसाची सवय आहे. कुणाला तपकिरीची असते, कुणाला दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय हे हुंगायची असते, तशी. मागे ह्यांना सर्दी झाली तेव्हा मी देवाला म्हटलं, "देवा, ह्यांचं नाक मोकळं होऊ दे, हे महिनाभर चहा सोडतील." नाक मोकळं झालं. (ह्यांचं म्हणणं, ते तसंही होणारच होतं. पण बोललेलं फिरवायचं कसं? सोडला चहा.) विहिरीवरची मोटार बंद पडली तेव्हा मी ह्यांचं आंघोळीचं गरम पाणी सोडलं. मोटार सुरू झाली. आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. पण त्यांचे कान आमच्या ओट्यावरच असतात. त्या मला म्हणाल्या, "वहिनी, नवस तू करायचा आणि फेडायचा माझ्या भावाने?"

"वन्सं, नवरा-बायको काय वेगळी असतात?" मी म्हटलं.

हे आतून म्हणाले, "गार पाण्याच्या वेळी असतात!"

असो. तर हा नवस चवळीच्या बियाण्याचा.

आमची शेती हातरुमालाएवढी. आजूबाजूला आमच्यासारखीच आणखी वीस घरं, वीस रुमाल. पूर्वी आम्ही सगळे दुकानातून चवळीचं बी आणायचो. पाकिटावर चित्र असं देखणं की ते चौकटीत लावावं. पण एके वर्षी त्या पाकिटातून जे उगवलं त्यातले अर्धे वेल शेंगा धरायचं सोडून आभाळाकडे चालते झाले आणि उरलेले अर्धे जमिनीतून डोकं वर काढायलाच तयार होईनात. तेव्हा वीस घरांनी मिळून ठरवलं, आपल्या चवळीचं बी आपणच धरायचं, एकाच घरी, एकाच मोठ्या पत्र्याच्या पिंपात ठेवायचं, आणि पेरणीला सगळ्यांनी वाटून घ्यायचं. पिंप आलं आमच्या घरी, कारण आमची मागची खोली कोरडी आहे. (माझ्या भक्तीचाही थोडा विचार झाला असावा, असं मला वाटतं. तसं कुणी बोललं मात्र नाही.)

पहिल्या वर्षी पेरणीच्या तोंडावर वीस घरच्या वीस बायका पिशव्या घेऊन आल्या. मी देवाचं नाव घेऊन झाकण उघडलं. आणि चवळी उडाली.

म्हणजे चवळी नाही, भुंगे उडाले. पण इतके, की चवळीच उडाल्यासारखं वाटलं. खाली जे उरलं होतं त्याच्या प्रत्येक दाण्याला एकेक गोल, नेटकं भोक. वन्संनी एक दाणा उचलून उजेडाकडे धरला, त्यातून एक डोळा लावून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वहिनी, सुई-दोरा आण. पेरण्यासारखं काही उरलं नाही, माळा तरी करू."

सगळ्या हसल्या, पण त्या वीस रिकाम्या पिशव्या मला अजून दिसतात. त्या वर्षी पुन्हा त्या देखण्या पाकिटांवर वेळ आली. वीस घरांनी ठरवलं, आणखी एक वर्ष पिंप माझ्याकडे. पुन्हा भुंगे निघाले तर पिंप वन्संच्या घरी जाणार. वन्संनी त्याच संध्याकाळी आपल्या घरात पिंपाची जागा झाडून ठेवली.

मी त्या दिवशी जेवले नाही. देवाच्या फळीपुढे बसले, डोळे पुसले आणि बोलून गेले, "देवा, येत्या वर्षी हे बी जिवंत राहू दे. एकदा झाकण लावलं की उगवणीच्या चाचणीपर्यंत मी ते उघडणार नाही. आणि पिंप भरायच्या आधी डोळे मिटून पहिली ओंजळ तुझ्यासाठी काढीन, फडक्यात बांधून तुझ्या फळीवर ठेवीन, आणि सकाळ-संध्याकाळ तिला कपाळ टेकवीन."

(या नवसात ह्यांना काही सोडायला लागत नाही हे ऐकून हे इतके खूश झाले की त्यांनी स्वतःहून त्या फळीला एक खिळा जास्त ठोकला.)

मग आम्ही कामाला लागलो. बी धरायचं म्हणजे सुगीत उरेल ते पोत्यात भरायचं, असं नसतं. रोपं फुलावर आली तेव्हापासून मी वाफ्यातून फिरायचे. ज्या रोपाचं फूल वेगळ्या रंगाचं, पान वेगळ्या घडणीचं, ते उपटायचं, म्हणजे बियाण्यात भेसळ नको. जे रोप लवकर आणि भरगच्च शेंगा धरेल त्याला लाल चिंधी बांधायची. त्याच्या शेंगा खायच्या नाहीत, बियाण्याला राखायच्या. चिंध्या मी ह्यांच्या जुन्या लाल शर्टाच्या केल्या. (तो जुना नव्हता, हे मला मागाहून कळलं. "वाफ्यात माझा शर्ट फुललाय," असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असत.) शेंगा झाडावरच खडखडीत झाल्या की तोडल्या, ताडपत्रीवर पातळ पसरून उन्हं दिली, हाताने सोलल्या, पाखडल्या, आणि टोचलेला, सुरकुतलेला, फुटका दाणा वेचून बाजूला काढला.

आता राहिली शेवटची परीक्षा, आणि ती घेणारे आमचे मामंजी.

मामंजी म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात बी वाळलं की नाही हे मामंजी दाताखाली धरून सांगतात. दाणा कट्ट वाजून दोन तुकडे झाला तर वाळला. नुसताच दबला, दाताची खूण उठली, तर अजून ऊन हवं. ओला दाणा पिंपात गेला की बुरशी आलीच. लांबलांबून लोक पुड्या बांधून यायचे. मामंजी ओट्यावर बसायचे, डोळे मिटायचे, दाणा दाढेखाली ठेवायचे. सगळे श्वास रोखून. कट्ट! "न्या, भरा." चार वर्षांपूर्वी त्यांचे स्वतःचे दात संपले. (कशाने संपले ते मी सांगायला नको.) मग दंतवैद्याकडून वरची आणि खालची अशी कवळी बसवून घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी चवळीचा दाणा फोडून पाहिला आणि म्हणाले, "आवाज जरा सरकारी येतोय, पण खरं बोलतात."

पिंप भरायच्या दिवशी अंगणात ताडपत्री. मधे चवळीचा ढीग, ढिगाभोवती आम्ही चौघं: हे, मी, मामंजी आणि (देखरेखीला) वन्सं. मामंजींनी ढिगाच्या चार कोपऱ्यांतून चार दाणे उचलून फोडले. कट्ट, कट्ट, कट्ट, कट्ट. "भरा!"

बी राखेत घोळवायचं असतं, म्हणजे भुंग्याला दाण्यांमधून फिरायला फट राहत नाही. हे चुलीतली चाळलेली, गार राख घेऊन आले. राख हळूच टाकायची असते. बी साठवायच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं आणि हे माहितीपत्रकं वाचतात. पण वन्सं म्हणाल्या, "अरे, जरा जोरात टाक, मुलगी सासरी पाठवत नाहीयेस," आणि ह्यांनी अख्खी पाटी उलटी केली.

पुढची पाच मिनिटं आम्ही एकमेकांना दिसलो नाही, फक्त ऐकू आलो. हे शिंकत होते, मी शिंकत होते, वन्सं शिंकत होत्या आणि मधेमधे "मी हळू म्हटलं होतं" म्हणत होत्या. मामंजींची शिंक वेगळी ओळखू येते, तोफेसारखी. ती सात वेळा उडाली. धुरळा खाली बसला तेव्हा आम्ही चौघंही एकाच रंगाचे. ढीग खालीवर केला. मग मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, पहिली ओंजळ भरून काढली, फडक्यात बांधली, सात गाठी मारल्या आणि फळीवर ठेवून आले. उरलेली चवळी पिंपात काठोकाठ भरली. वर मोकळी हवा राहिली की भुंगे जगतात, म्हणून वरून दाबून दाबून. झाकण बसवलं, कडेने मेण ओतलं, त्यावर ह्यांनी सायकलची जुनी ट्यूब ताणून घट्ट बांधली. वाऱ्याला शिरायला जागा नाही.

रात्रीच्या जेवणाला मामंजींनी पहिला घास तोंडात घातला आणि थांबले. वर बघितलं. खाली बघितलं. जिभेने तोंडभर एक फेरी मारली.

"सूनबाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात आज वारा जास्त होता, "खालचे दात नाहीत."

"नाहीत म्हणजे?" हे म्हणाले.

"म्हणजे वरचे आहेत."

"बाबा, दुपारपासून तुम्हाला कळलं नाही?"

"तोंड हलकं वाटत होतं खरं," मामंजी म्हणाले. "मला वाटलं, काम संपल्याचा आनंद."

आम्ही अंगण झाडलं, ताडपत्री झटकली, उरलेली राख पुन्हा चाळली. दात नाहीत. मग तिघांच्याही माना एकदमच मागच्या खोलीकडे वळल्या. सात शिंकांमधली कुठली तरी एक शिंक रिकामी गेली नव्हती. दात पिंपात होते.

हे उठले. "ट्यूब सोडतो, मेण खरवडतो, पाच मिनिटांत दात काढून देतो."

"अहो, नवस!" मी म्हटलं.

"अगं, बाबांचे दात!"

"आणि माहितीपत्रकात काय लिहिलंय?"

हे परत खाली बसले. कारण माहितीपत्रकात लिहिलं होतं, झाकण मधे उघडलं की नवी हवा जाते, आणि दाण्याच्या पोटात निपचित पडलेली अळी पुन्हा हातपाय पसरते. म्हणजे देव आणि माहितीपत्रक एकाच बाजूला. असं फार क्वचित होतं.

शेवटी मामंजीच बोलले. "दात माझ्या एकट्याचे. बी वीस घरांचं. कुणी झाकणाला हात लावायचा नाही."

"नवी कवळी करून घेऊ या मग," हे म्हणाले.

"असलेले दात पिंपात सुखरूप बसलेले असताना नवे करायचे? मला नाही जमायचं."

मला एकदम भरून आलं. आणि भरून आलं की माझं काय होतं तुम्हाला आता ठाऊक आहे. मी देवाकडे वळून म्हटलं, "देवा, मामंजींना खालचे दात मिळेपर्यंत या घरात त्यांना चावत नाही ते कुणीही खाणार नाही. सगळे पेज पिऊ."

हे ताटावर तसेच थिजले. त्यांचा घास तोंडापाशी होता. तो त्यांनी, माझ्याकडे बघत बघत, फार हळू खाली ठेवला.

पेज ही वाईट गोष्ट नाही. पहिले तीन दिवस तर ती चांगलीच लागते. चौथ्या दिवशी ह्यांनी विचारलं, "आज काय?" मी म्हटलं, "दाट पेज." दहाव्या दिवशी मी गोठ्यात गेले तर आतून कुरुम्, कुरुम् असा आवाज. मी विचारलं, "कोण आहे?"

"गाय," आतून हे म्हणाले.

गाय बाहेर माझ्यामागे उभी होती.

मग ह्यांनी दात पिंपात नेमके कुठे आहेत हे न उघडता शोधायचं मनावर घेतलं. (कशासाठी, ते मला आजतागायत कळलेलं नाही. शोध लागला तरी दात आतच राहणार होते. पण पुरुषमाणसाला माहिती लागते.) एकदा त्यांनी पिंप आडवं करून खोलीभर लोळवलं आणि मला पत्र्याला कान लावून मागे मागे पळायला लावलं.

"खडखडतंय का?"

"खडखडतंय!"

"दात खडखडतायत की चवळी?"

"आता ते मी कसं सांगू? दात काय नाव घेतात?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून वाटीएवढं चुंबक आणलं. कवळीला आतून तार असते, चुंबक बाहेरून फिरवलं की दात ओढत ओढत कडेला येतील, असा बेत. चुंबक पिंपाजवळ नेलं. ठण्ण! ते जे पत्र्याला बसलं ते बसलंच. पिंप लोखंडी पत्र्याचं, हा मुद्दा बेतात राहून गेला होता. हे ओढतायत, मी ह्यांना ओढतेय. शेवटी सोडून दिलं. अजून ते तिथेच आहे. मी त्यावर सांडशी अडकवते.

खरी पंचाईत पुढेच होती. लोक पुड्या घेऊन येतच होते आणि मामंजींकडे अर्धंच यंत्र शिल्लक होतं. "घरातलं काम घरातच राहू दे," म्हणून त्यांनी ह्यांना शेजारी बसवलं. ह्यांनी डोळे मिटले, दाणा दाढेखाली ठेवला. सगळे श्वास रोखून. कट्ट!

"वाळलंय!" मामंजी खूश होऊन म्हणाले. "न्या, भरा!"

"नाही बाबा," हे गाल धरून म्हणाले, "माझी दाढ गेली."

त्या दिवसापासून ह्यांनाही पेजच बरी वाटायला लागली. याला मी देवाची योजना म्हणते. हे वेगळा शब्द वापरतात.

माझं मात्र नेमाने चाललं होतं. सकाळी आंघोळ करून आणि संध्याकाळी दिवा लावून मी त्या ओंजळीच्या पुरचुंडीवर कपाळ टेकवायचे, चांगलं दाबून. महिनाभराने माझ्या कपाळावर एक बारीक अर्धगोल उमटला, ठिपक्याठिपक्यांचा, चंद्राच्या कोरीसारखा. वन्सं जवळ येऊन बघायला लागल्या.

"हे काय गं झालं?"

"भक्ती," मी नम्रपणे म्हटलं.

ही बातमी वीस घरांत गेली. बायका येऊन माझं कपाळ बघून जायच्या. एकीने तर हात लावून आपल्या डोळ्यांना लावला. मी वरवर "छे छे" म्हटलं; पण त्या दिवसांत मी केस जरा मागे ओढून बांधत असे, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

चाचणीला दहा-बारा दिवस राहिले असतील. एका दुपारी मामंजी ओट्यावर एकटे बसले होते. त्यांच्या सदऱ्याची गळपट्टी सैल झालेली, आत मान हलली तरी सदरा हलत नव्हता. हातात एक भाजलेला शेंगदाणा. तो ते बोटांमध्ये फिरवायचे, हुंगायचे आणि पुन्हा खिशात ठेवायचे. पुन्हा काढायचे, पुन्हा हुंगायचे. मी तो दाणा ओळखला. चार दिवसांपूर्वी धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशातही तोच होता.

माझ्याने बघवेना. मी स्वयंपाकघरातून चाकू उचलला आणि मागच्या खोलीत गेले. 'देवा, मला माफ कर,' म्हटलं. मेणाला टोक लावलं.

"सूनबाई, काय चाललंय?" दारात मामंजी.

"पिंप पुसतेय."

"चाकूने?"

मी रडायलाच लागले. म्हटलं, "मामंजी, नवस माझा आणि उपाशी तुम्ही. मला नाही सोसत. भुंगे झाले तर होऊ देत, पिंप वन्संकडे गेलं तर जाऊ दे."

मामंजी खाली बसले, पिंपाला टेकून. "गेल्या वर्षी पिंप उघडलं त्या रात्री तू स्वयंपाकघरात रडत होतीस, ते मी ऐकलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा माझ्या तोंडात सगळे दात होते, तरी घास उतरला नाही. या वर्षी दात नाहीत, पण पेज गोड लागते. ठेव तो चाकू."

मी ठेवला. मग ते जरा विचार करून म्हणाले, "उद्या मात्र मीठ घाल तिच्यात. चार दिवस विसरतेयस."

आणि तो दिवस उजाडला. वीस घरच्या वीस बायका पिशव्या न घेताच आल्या. गेल्या वर्षीचा धसका. बियाणेवाले साहेब, म्हणजे दर पेरणीआधी येऊन शंभर दाणे ओल्या फडक्यात घालून किती उगवतात ते पाहणारे गृहस्थ, त्यांची पांढरीशुभ्र फडकी घेऊन आले. ह्यांनी ट्यूब सोडली, मेण खरवडलं. मी झाकण उचललं.

काही उडालं नाही.

मी वाकून पाहिलं. राखाडी, गार, गप्प चवळी. साहेबांनी कोपरापर्यंत हात घालून खालची मूठ वर काढली, फुंकली, उलटीपालटी केली. "ताई, एक भोक नाही!" वीस बायकांनी एकदम श्वास सोडला. वन्संनी सुद्धा. (त्यांचा जरा उशिरा सुटला.)

"आता दात!" हे ओरडले. दाढ गेल्यापासून ह्यांना मामंजींच्या दातांची फार ओढ लागली होती.

पिंप ताडपत्रीवर उलटं केलं. वीस बायका, आम्ही चौघं आणि साहेब असे पंचवीस जण गोल करून बसलो आणि दाणा दाणा चाळला. वरून खाली चाळला, खालून वर चाळला. दात नाहीत.

"बाबा," वन्सं हळूच म्हणाल्या, "तुम्ही गिळले तर नाहीत?"

"अडीच महिने," हे ताडपत्रीवर मटकन बसून म्हणाले. "अडीच महिने पेज."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला बी वाचल्याचा आनंद आणि मामंजींकडे बघवेना, अशी गत. साहेबांनी विषय बदलावा म्हणून घसा खाकरला. "चला, चाचणीचे दाणे मोजू. शंभर काढा."

"साहेब," मी म्हटलं, "पन्नास पिंपातले घ्या आणि पन्नास देवाच्या ओंजळीतले. त्याच ढिगातली आहे, पहिली."

साहेब भला माणूस. "आणा ताई," म्हणाले. त्यांनी दोन फडकी अंथरली.

मी फळीवरून पुरचुंडी आणली. सगळ्यांदेखत तिच्यावर शेवटचं कपाळ टेकवलं, नेहमीपेक्षा जरा सावकाश. बायकांनी हात जोडले. मी एकेक गाठ सोडत गेले. सातवी गाठ सुटली आणि फडकं पांढऱ्या कापडावर उलटं केलं.

आधी चवळी पडली. मग राख. मग काहीतरी गडगडत आलं, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि पांढऱ्याशुभ्र फडक्याच्या बरोबर मधोमध आम्हा सगळ्यांकडे बघून हसत बसलं.

साहेब दोन पावलं मागे सरकले. "ताई," ते म्हणाले, "हे कुठलं वाण?"

वन्संनी एकदा फडक्याकडे पाहिलं, एकदा माझ्या कपाळाकडे. मग त्यांनी कवळी दोन बोटांत उचलली, माझ्या भक्तीच्या चंद्रकोरीवर टेकवून पाहिली, आणि मागे वळून वीस जणींना सांगितलं, "माप बरोबर बसतंय."

मामंजींनी दात घेतले, तांब्यातल्या पाण्याने विसळले, बसवले. मग ताडपत्रीवरचा एक दाणा उचलून दाढेखाली ठेवला. कट्ट! "वाळलेलं आहे अजून," ते म्हणाले. आणि पुढच्याच क्षणी खिशातून तो शेंगदाणा काढून, कुणाला दिसायच्या आत, तोंडात टाकला.

तो खाऊन झाल्यावर ते बोटांवर काहीतरी मोजायला लागले. "सूनबाई, पंचाहत्तर दिवस, रोज दोनदा. म्हणजे दीडशे नमस्कार."

"हो, मामंजी," मी खाली बघत म्हटलं.

"चाळीस वर्षं या घरात मी जे बोललो त्याला कुणी कधी मान दिला नाही. आणि मी तोंड रिकामं ठेवलं तेव्हा दीडशे नमस्कार!" ते हसले, दोन्ही बाजूंचे सगळे दात दाखवून. "आता हे तोंडात आहेत. नमस्कार चालू ठेवायचे की थांबवायचे तेवढं सांग, म्हणजे मला तसं बसायला बरं."

आठ दिवसांनी फडकी उघडली. पिंपातल्या पन्नास दाण्यांपैकी सत्तेचाळीस उगवले. साहेब म्हणाले, फार उत्तम. देवाच्या ओंजळीतले पन्नासच्या पन्नास. साहेब चष्मा पुसून पुन्हा मोजायला लागले. पिंप माझ्याकडेच राहिलं. वीस घरांत बी वाटलं, पेरणी झाली, आणि चवळी कशी आली म्हणता! या वर्षी माझा नवस सगळ्यांच्या तोंडी होणार असं मला वाटत होतं.

पण नाही. माझ्या नवसाचं नावही कुणी घेत नाही. सगळ्या जणी म्हणतात, ओंजळीत दात होते म्हणून पन्नासला पन्नास! परवा एक जण मुगाची पुरचुंडी घेऊन आली. मला वाटलं, नमस्काराला आली. तर म्हणते, "ताई, दोन दिवस दात मिळतील का? वापरून झाले की विसळून परत देते." काल वन्सं आल्या. त्यांनी स्वतंत्र पिंप घेतलंय. त्यांना खालचे-वरचे दोन्ही हवेत.

म्हणून हे सगळं तुम्हाला सांगितलं. बी धरत असाल तर तुम्हीही नवस करा बरं का. चांगल्या रोपाला चिंधी बांधा, दाणा खडखडीत वाळवा, राखेत घोळवा, झाकण घट्ट लावा आणि मधे उघडू नका. पहिली ओंजळ देवाला काढा. डोळे उघडे ठेवून काढलीत तरी देवाला चालतं, मी विचारलंय. आणि एवढं करूनही ओंजळीत दात ठेवल्याशिवाय चैन पडणार नसेल, तर ठेवा. फक्त एक हात जोडून विनंती आहे.

दात ज्याचे त्याने आपल्या घरचे वापरावेत. आमच्याकडे सध्या जेवणं चालू आहेत.